भिंतीतून चालणारी

बिलोलीच्या हुसेनबीचा बाप गवंडी, नवराही गवंडी. नवरा वारल्यावर तिनं थापी हातात घेतली आणि जुन्या दर्ग्यांची डागडुजी करत चुन्याच्या कामात मुरली. एका जहागीरदाराच्या महालातलं रंगीत दालन दुरुस्तीला निघालं, तेव्हा अश्वजित इंजिनिअरनं तिलाच बोलावून घेतलं.

दालन लांबलचक होतं. छतापर्यंत वेली, पोपट, डाळिंबं, वर सोन्याचा वर्ख. रंगाखालचा गिलावा मात्र जागोजागी सुटलेला. हुसेनबी बोटाच्या पेरानं भिंत हळूच ठोकायची. बद्द आवाज आला की आत पोकळ. मग खडूनं कड आखायची आणि इंजेक्शनच्या सुईनं पातळ चुना आत सोडायचा.

खिडकीपाशी मोठी पोकळी लागली. कड आखून ती मागं सरली, तर भिंतीवर बाई उभी. डोकं, खांदे, अंगाला चिकटलेले हात. हुसेनबीला हसू आलं. तिनं चुना भरला.

दुसऱ्या दिवशी ती जागा टणक वाजली. पण शेजारी, जिथं काल भिंत भरीव होती, तिथं तोच आकार पोकळ लागला. तोही तिनं भरला. सकाळी तो आणखी पुढं गेलेला, मागच्या अंगणाच्या दाराकडं. आता एक हात वर होता.

तिनं अश्वजितला बोलावलं. "साहेब, ही चालून राहिली."

"ओल असंल, खाला. ओल फिरते भिंतीत."

"ओलीला हात असतेत का?"

अश्वजितनं स्वतः ठोकून पाहिलं. मग तळवा टेकवला आणि झटकन काढून घेतला.

"आतून गरम लागतंय," तो म्हणाला.

"भरू का?"

हुसेनबीनं मागच्या खडूच्या आकृत्यांकडं पाहिलं. आपण रोज कुणाच्या तरी तोंडात चुना ओतत आलो, असं तिच्या मनात आलं. त्या दुपारी तिनं जेवणाचा डबा उघडला नाही.

तिनं सुई ठेवून दिली. पुढच्या सकाळी आकार चौकटीला भिडला होता. अंगणाचं दार कैक वर्षं बंद होतं. दोघांनी मिळून कडी सोडवली, दार सताड उघडलं आणि बाजूला उभे राहिले. वारा पडला होता. तरी हुसेनबीच्या खांद्याला काहीतरी घासून गेलं. ओल्या चुन्याचा वास आला, अन् गेला.

नंतर तिनं भिंत ठोकली. सगळी भरीव होती. दोघांनी खडू पुसून काढला.

संध्याकाळी एसटी गच्च भरली. माणसं दांडीला लोंबकळत होती, पण हुसेनबीच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. तिकडं कुणी पाहातही नव्हतं. तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जरा सरकून बसली.

आता ती अश्वजितबरोबरच अहमदपूरकडच्या जुन्या वाड्यांच्या कामावर जाते. पोकळी सापडली की कड आखते आणि एक दिवस तशीच सोडते. मालक कुरकुर करतात. अश्वजित त्यांना सांगतो, "राहू द्या."