न उघडलेली पेटी

डोंबिवलीत आमच्या शेजारी पोळी-भाजीचे डबे देणाऱ्या काकू राहतात. दुपारी त्या मोबाईलवर जीव वाचवायचा गेम खेळतात. त्यात बक्षिसाची बंद पेटी दिसली की गेमलाच म्हणतात, "बघू काय देतोयस, मेल्या!" कधी गंजका डबा निघतो, कधी बंदूक. दरवेळी बंदूकच निघाली असती, तर त्या केव्हाच कंटाळल्या असत्या.

काल या नादात भाजी पुन्हा करपली आणि एका गिऱ्हाइकाने डबा बंद केला. आज गेममध्ये काकू मरायला टेकलेल्या, समोर बंद पेटी.

"काकू, उघडा ना, औषध असेल!"

"याच्या मनाला येईल ते हा देणार आणि मी हात पसरायचा? मेले तरी चालेल!"

त्यांनी फोन पालथा ठेवून कणीक मळायला घेतली. मी हळूच फोन उचलला, तर पिठाच्या हाताचा फटका बसला.

"ग्रॅज्युएट झालास ना रे? तरी त्या पेटीपुढे हात पसरतोस? ठेव खाली!"