शनीचा फोटो

शुद्धलेखन चुकेल आणि अक्षरही वेडंवाकडं आहे, सांभाळून घ्या. चौथीपर्यंतच शिकले.

काल संध्याकाळी परसात दुर्बीण लावली. शनी दिसला. तांदळाएवढा, पिवळा, भोवती कडं, आणि सारखा थरथरणारा. हे दुर्बिणीला मोबाईल लावून त्याचे फोटो काढायचे. म्हणायचे, "श्वास रोखून धर गं, तेवढ्यानंही हलतो तो."

हे आजारी पडले तेव्हा नणंद म्हणाली, "वहिनी, लोक देवळात शनीच्या समोर उभेसुद्धा राहत नाहीत, बाजूनं तेल वाहतात. तुम्ही दोघं डोळे लावून बघत बसलात. भोगा आता!" मला धास्तीच बसली. हे गेल्यापासून आकाशाकडे मान वर केली नव्हती.

काल श्वास रोखून पाहिलं. इतक्या लांब, एवढासा, एकटाच कापत होता. हा कोणाचं काय वाईट करणार? मग ह्यांना नेलं कोणी? बोल लावायला वर कोणीच उरलं नाही. धास्ती होती तेच बरं होतं.

आज सकाळी दुर्बीण विकली. दवाखान्यासाठी नणंदेनं दिलेले पैसे तिच्या हातावर ठेवले. आता सगळे फिटले.