दारात आलेला टेम्पो

कोंबड्यांचे पिंजरे लादलेला टेम्पो शेजारून गेला की ती केस आजही आठवते. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी बदलापूरला नवा फौजदार होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. प्रत्येक अन्यायासाठी कायद्यात कुठेतरी कलम असणारच, असं मला तेव्हा मनापासून वाटे.

खरवईच्या बाजूला शेतांतून कोंबड्यांच्या शेड उभ्या राहत होत्या. एकाएकी तीन शेडमधल्या कोंबड्या माना वाकड्या होऊन मेल्या. खबऱ्याने नाव आणलं: बौद्धवस्तीतल्या एका तरुण शेडवाल्याने पाण्यात विष कालवलं. पुरावा एकच, त्याच्या कोंबड्या जिवंत होत्या.

अंबरनाथच्या कारखान्यातली नोकरी गेल्यावर त्याने घरामागे शेड घातली होती. तेवढाच आधार. हवालदारांनी त्याला ठाण्यात आणून दुपारभर उलटसुलट विचारलं. "सगळ्यांच्या मेल्या, तुझ्याच कशा नाचतायत रे?"

तो म्हणाला, "मग मी पण चार मारून आणू का, साहेब? सुटायला?"

खोटं बोलणारा माणूस पटकन दुसऱ्याचं नाव घेतो, असं जुने हवालदार सांगत. त्याने कुणाचंच घेतलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी मेलेल्या कोंबड्या फाडून पाहिल्या. विष नव्हतं, राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग होता. मग याच्याच कशा वाचल्या? बाकीच्यांकडे येतं आणि तुझ्याकडे येत नाही असं काय आहे, मी विचारलं.

"माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याचा टेम्पो. आमच्या वस्तीत येत नाही. रस्ता अरुंद आहे म्हणतात."

त्याच रस्त्याने सिमेंटचे ट्रक जाताना मी पाहिले होते. हा मात्र आपला माल सायकलवरून अंबरनाथला नेई.

आम्ही टेम्पो अडवला. पिंजऱ्यांवर विष्ठेचा थर, चिकटलेली पिसं, आणि उल्हासनगरच्या बाजारात न खपलेल्या दोन आजारी कोंबड्या. तसाच तो शेडोशेड फिरत होता. गाडी धूत का नाहीस, विचारल्यावर ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "साब, उल्हासनगर में पीने को पानी नहीं. मुर्गी को कौन नहलाएगा?"

रोग या गाडीतूनच पसरला, यावर डॉक्टर ठाम होते. मी पुस्तकं चाळली, वरिष्ठांना विचारलं. मारण्याचा इरादा नव्हता, त्यामुळे कलम लागेना. अखेर मागचा दिवा फुटला होता त्याचा दंड केला, गाडी धुण्याची ताकीद दिली आणि सोडली. व्यापाऱ्याला बोलावून तेच बजावलं, त्याने मान डोलावली.

तरुणालाही सोडलं. बाकीच्या शेडवाल्यांना बहुधा लाज वाटली असावी. ते त्याच्या घरी गेले, चहा प्यायले आणि व्यापाऱ्याला म्हणाले, आता याचाही माल उचलत जा.

पुढे तपासाच्या कामाने त्या बाजूला गेलो, तर त्याची शेड रिकामी होती. मागे बुजवलेल्या खड्ड्यावर चुना टाकलेला. मला रागच आला. सगळं ठाऊक असताना टेम्पो आत का येऊ दिलास?

"साहेब, पहिल्यांदा गाडी आमच्या दारात आली. आई ओवाळायला निघाली होती. गाडी धुतली का, असं विचारणार होतो. पण विचारलं असतं तर परत आली नसती."

नंतरच्या नोकरीत अनेकांना निर्दोष म्हणून सोडलं. डायरीत नोंद केली की आमचं काम संपे. तो माणूस ठाण्याची पायरी उतरू लागला की मात्र मनात यायचं, आता याच्या दारात काय येणार आहे?