वाटाघाटींचं बुटकं दार

आमचे मामा गवंडी. हात सोन्याचा, पण तोंडात एकच शब्द: ‘उद्या’. न्हाणीघराची फरशी बसवायला आले की घरातलं रांगतं पोर चालायला लागेपर्यंत मुक्काम. लोक त्यांना ‘उद्या’च म्हणत आणि शिव्या घालत घालत पुन्हा त्यांनाच बोलावत. अशा माणसापाशी देशाची शांतता येऊन अडली.

लढाईनं देशाचे दोन तुकडे केले होते. नदीपलीकडे उपासमार, अलीकडे पुलाशी दुधाची पावडर आणि औषधं भरलेले परदेशी ट्रक उभे. दोन्ही पक्षांनी सह्या केल्याशिवाय पूल उघडणार नव्हता. मध्यस्थीला जगभरचे राजदूत आले आणि मी जिथं चहा द्यायचे, त्या हॉटेलात उतरले. रोज तीव्र चिंता व्यक्त करायचे आणि रोज बिस्किटं संपवायचे. बोलणी मात्र सुरूच होईनात. हॉटेलातल्या सभागृहात बोलणी ठरलेली, पण त्याला दार एकच. आधी कोणी शिरायचं? पहिला गेला तो उतावळा, मागून गेला तो दुबळा! शेवटी तोडगा निघाला, भिंत फोडून दुसरं दार काढा.

मी मामांचं नाव सुचवलं आणि लगेच जीभ चावली. पण मामा या वेळी ‘उद्या’ म्हणाले नाहीत. त्यांची लेक बाळंत होऊन पलीकडेच अडकली होती. अंगावर दूध येत नाही, एवढाच तिचा निरोप आला होता. मामा भिंतीवर तुटून पडले ते चौकट बसवूनच थांबले.

घाईनं घात केलाच. दार जुन्यापेक्षा दोन बोटं बुटकं निघालं. ते ज्यांच्या वाट्याला आलं, त्या पक्षाचे पुढारी मोजपट्टी घेऊनच आले होते.

“आम्ही वाकून आत जायचं? शक्य नाही!”

साहेब इतके ठेंगणे, की टोपी घालून उडी मारली असती तरी चौकट डोक्याला लागली नसती. पण हे सांगणार कोण? राजदूतांनी दोन बोटांवर विचार करायला उपसमिती नेमली.

तेव्हा मामा पुढे झाले. अंगभर सिमेंट. “साहेब, चूक माझी आहे. मला काय ती शिक्षा करा. पण माझी लेक पलीकडे आहे, तिचं बाळ उपाशी आहे. त्या जिवाला कशाची शिक्षा?” आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडायला लागले. मलाही रडू आवरेना.

दुसऱ्या पक्षाचा ताडमाड पुढारी घसा खाकरून म्हणाला, “आम्ही येतो बुटक्या दारानं. लेकरांसाठी वाकायची आम्हाला लाज नाही.”

फोटोवाले धावले. ते बघताच ठेंगणे साहेब ओरडले, “अहो, ते दार आमचं आहे!” आणि दोघं खांदे घासत एकाच दारातून आत घुसले. जुन्या दाराकडे कुणी ढुंकूनही बघेना.

सह्या झाल्या, पूल उघडला. खोकी उतरवायला म्हणून मामा पहिल्याच ट्रकवर चढले, मागोमाग मी. पलीकडे लेक समोर उभी असूनही मामा गर्दीत तिला शोधत होते, इतकी ती वाळली होती.

“बाबा, इकडे,” ती म्हणाली आणि तिनं नात त्यांच्या हातात दिली.

“ही रडत कशी नाही गं?” मामा घाबरले.

“ताकद कुठंय तिच्यात? आधी ते खोकं खाली घ्या.”

नर्सनं दूध कालवून चमच्या-चमच्यानं पाजलं. वाटी संपली तशी पोरीनं तोंड वेडंवाकडं केलं आणि असा टाहो फोडला, की ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला. मामा दिसेल त्याला सांगत सुटले, “रडतेय! ऐकलंत का, माझी नात रडतेय!”