तो घरी आला, तेवढंच

अंगणात मोहाची फुलं वाळत पडली की त्या गोड, उग्र वासाने मला आजही गुदमरायला होतं. नवापूरच्या डोंगरातल्या आमच्या घरात त्या दुपारी हाच वास भरला होता. धाकटी बहीण तापाने फणफणली होती. तिला दवाखान्यात न्यायला बाबा जीप आणायला गेले होते.

आईला वाचता येत नव्हतं. शाळेत जाणारी मी एकटीच, म्हणून बायबलमधलं शुभवर्तमान मी मराठीत वाचायचे आणि लगेच आमच्या मावची बोलीत सांगायचे. त्या दिवशी आईने याईराची गोष्ट काढायला लावली. मुलगी आजारी म्हणून हा बाप येशूच्या पाया पडतो. येशू निघतो. वाटेतच निरोप येतो, मुलगी गेली, आता गुरुजींना कशाला त्रास?

तेवढं सांगून मी वर पाहिलं. बहिणीचा श्वास थांबला होता. आईचा हात तिच्या कपाळावरच होता.

मी घाईघाईने पुढचं वाचू लागले, येशू घरी येऊन त्या मेलेल्या मुलीला उठवतो ते. नीट वाचलं तर हीही उठेल, असं मला वाटत होतं. आईने पानावर हात ठेवला.

"उठली ते नको सांगू, बाय. मेली हे कळल्यावरही तो तिच्या घरी आला ना? तेवढंच सांग."

तेव्हा वाटलं, आईची श्रद्धाच गेली. आता कळतं, तिच्याकडे तेवढीच उरली होती.

मी सांगितलं, तो आला. ती म्हणाली, परत सांग. चढावर जीपचा आवाज आला, तेव्हाही मी तेच सांगत होते.