साडूंच्या गाडीमागच्या दोन सायकली

माझे साडू वाईट माणूस आहेत हे मला कधीच सिद्ध करता आलं नाही. हीच माझी खरी अडचण. ते मोठ्याने बोलत नाहीत, कुणाची उणीदुणी काढत नाहीत, बँकेतून निवृत्त होऊन मालवणजवळ टुमदार घर बांधलं तरी त्याचा तोरा नाही. अशा माणसाचा राग करायला फार कष्ट पडतात. ते मी केले.

दर रविवारी सकाळी साडेसहाला त्यांची गाडी कसालजवळच्या आमच्या घरापुढे येऊन थांबायची. चालवायला मेव्हणी, कारण गुडघ्यांमुळे तिला सायकल जमत नाही, गाडी जमते. गाडीच्या मागे रॅकवर साडूंची सायकल आधीच चढलेली असायची आणि तिच्या शेजारची जागा माझ्या बायकोच्या सायकलीसाठी मोकळी. बायकोने शाळेतून निवृत्त झाल्यावर स्वतःच स्वतःला ती सायकल घेतली होती. मग कधी विजयदुर्ग, कधी आरोंदा. तिथे सायकली उतरवायच्या, खाडीच्या कडेने वीसेक किलोमीटर हाणायचे, मेव्हणीने बांधून आणलेल्या घावन्यांवर ताव मारायचा आणि दुपारी घरी. मला आग्रह व्हायचा. मी म्हणायचो, "माका बागेत काम आसा." काजूच्या बागेत दर रविवारी कसलं डोंबलाचं काम असतं!

खरं सांगायचं तर मला सायकल येत नाही. लहानपणी एकदा करवंदीच्या जाळीत पडलो, काटे काढून घेताना सगळ्या वाडीने मजा पाहिली, आणि त्यानंतर मी सायकलीला हात लावला नाही. नोकरीभर एसटीने गेलो, मग थेट चार चाकं घेतली. बायकोला यातलं काही ठाऊक नाही, अशी माझी तीस वर्षांची समजूत.

तर रविवारी मी पडवीत उभा राहून त्यांना टाटा करायचो. गाडी वळायची आणि मागच्या दोन सायकली दिसायच्या. साडूंची काळी, बायकोची निळी, दोघींना मिळून एकच पट्टा. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी त्या पट्ट्याकडेच बघत राहायचो. या वयात असलं काही वाटणं बरं नव्हे हे कळत होतं, तरी मी जळत होतो. दुपारी बायको लालबुंद होऊन यायची, पंख्याखाली बसायची आणि "भावजी म्हणत होते" अशी सुरुवात करायची. भावजी काय म्हणत होते ते मी कधी पुरतं ऐकलंच नाही.

मग माझ्या डोक्यात आलं की गाडी माझ्याकडेही आहे. सात सीटची, लग्नाकार्याला अर्धी वाडी कोंबून नेणारी मिनीव्हॅन. तिच्या मागे रॅक बसवला की झालं. बायकोची सायकल माझ्या गाडीवर चढेल, बायको माझ्या शेजारी बसेल, मी तिला नेईन आणि आणीन. साडूंचं कामच संपेल.

दोन आठवडे मी मोबाईलवर रॅकच बघत होतो. डिकीच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचा नको, दाराचा पत्रा दबतो. टपावरचा नको, एवढ्या उंच गाडीवर सायकल चढवायला माडावर चढणारा माणूस लागेल. उरला हिचवाला. गाडीच्या खाली, चासीला, एक भक्कम चौकोनी नळी बोल्टने बसवायची. तिला हिच म्हणतात. त्या नळीत रॅक सरकवायचा आणि पिन मारायची. त्यातही दोन जाती. एकीत सायकली दांड्याला धरून दोन हातांवर टांगायच्या, दुसरीत चाकं पन्हळीसारख्या ट्रेमध्ये उभी करायची. साडूंचा ट्रेवाला. म्हणून मी टांगायचा घ्यायचं ठरवलं.

एका रविवारी ते सगळे आत चहा घेत होते तेव्हा मी टेप घेऊन हळूच त्यांच्या गाडीमागे गेलो. जमिनीपासून रॅकची उंची मोजायची होती, कारण आमच्या अंगणातून रस्त्याला लागताना चढ आहे आणि मागचं लोखंड घासलं असतं. टेप सारखा निसटत होता. तेवढ्यात साडू बाहेर आले. काय करताय, असं विचारलंसुद्धा नाही. वाकून टेपचं दुसरं टोक धरलं.

"टांगायचा घेऊ नका," ते म्हणाले. "लेडीज सायकलला वरचा दांडा सरळ नसतो. ती तिरकी लोंबकळते आणि डुलते. ट्रेवालाच घ्या. आणि मागे कलणारा घ्या, म्हणजे सायकली न काढता डिकी उघडते. बोल्ट मात्र स्टेनलेसचे. आपल्या खाऱ्या वाऱ्यात साधे वर्षभरात सडतात."

मी "बघतो" म्हणालो. दुसऱ्या दिवशी कसालच्या वेल्डिंगवाल्याकडे बायकोची सायकल नेऊन दोन पाइपांवर टांगून पाहिली. ती तिरकी लोंबकळली आणि डुलली. साडू बरोबर होते याचा मला जेवढा राग आला, तेवढा ते चुकले असते तर आनंदही झाला नसता.

शेवटी ट्रेवाला मागवला. वेल्डिंगवाल्याने हिच बसवता बसवता विचारलं, "सायकल तर तुमच्याकडे एकच आसा. दोनचो कित्याक?"

"आसांदे," मी म्हटलं.

आमच्याकडे नवी वस्तू आली की गाऱ्हाणं घातल्याशिवाय वापरत नाहीत. वाडीतल्या मानकऱ्यांनी नारळ हातात घेऊन देवाला ती वस्तू का आणली, कशासाठी आणली ते खणखणीत आवाजात सांगायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मी साडूंना आणि मेव्हणीला मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी माझा रॅक बघायला हवा होता.

मानकरी म्हातारे, माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. आदल्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "काय सांगणा घालू?" मी तेव्हा तापलेलाच होतो. मनातलं सगळं भडाभडा ओकलो. वाटलं, ते त्याचं चार शब्दांत काहीतरी गोल करतील. ते ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "देवासमोर अर्धा सांगूचा नसता." तेव्हाच मला सावध व्हायला हवं होतं.

"रे देवा म्हाराजा!" गाडीमागे उभं राहून त्यांनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुझ्या लेकरान गाडयेक सायकली लावूचो रॅक बसवलेलो आसा. कित्याक बसवलो, ता तुका सांगाक होया. हेची घरकारीण दर आयतवारी साडवाच्या गाडयेतसून फिराक जाता. ता हेका बघवणा नाय!"

 कुणीतरी खोकलं, आणि मग सवयीने सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!"

"तर म्हाराजा, आजपासून तिका हेच्याच गाडयेत बसण्याची बुद्धी दी. साडवाक सुखात ठेव, पण वायच लांब ठेव!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यात मोठा आवाज साडूंचा होता. गाऱ्हाण्याला नाही म्हणता येत नाही.

नारळ फुटला. लोक खोबरं खात, माझ्याकडे न बघता हसत होते. मेव्हणी तर पदर तोंडाला लावून विहिरीकडे निघून गेली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. बायको गाडीमागे एकटीच होती. तिने आपली निळी सायकल उचलून एका ट्रेत ठेवली होती. माफी मागायची म्हणून मी जवळ गेलो.

"माका राग इलो नाय," ती म्हणाली. तिचा हात रिकाम्या ट्रेवर होता. "दोनचो घेतलास, तेव्हाच माका वाटला, आता तरी तुमी सायकल शिकतलास."

"माका येणा नाय, ता तुका म्हायती आसा?"

"लग्न ठरताना तुमच्या आवशीन सांगलेला."

"मगे इतकी वर्षा बोललंस नाय ती?"

"तुमी खंय बोललास?"

मी दोनचा घेतला तो साडूंचा दोनचा होता म्हणून. एकाचा घेतला असता तर त्यांच्यापुढे कमी दिसलो असतो. देवाला सांगायचं राहिलेलं एवढं एकच कारण होतं, आणि तेही तिला कळलं असतं तर मी कुठे तोंड लपवलं असतं कोण जाणे.

"शिकूची आसा म्हणानच दोनचो घेतलंय," मी म्हणालो.

तिचा चेहरा असा उजळला की आता माघार शक्यच नव्हती. "मगे भावजींका सांगतंय," ती म्हणाली. "तेच शिकवतले. माका तुमचा वजन पेलूचा नाय."

पुढच्या रविवारी शाळेच्या मैदानात दोन गाड्या उभ्या राहिल्या. मी बायकोच्या निळ्या सायकलीवर होतो आणि साडू सीट धरून मागून धावत होते. त्यांना धाप लागली होती, तरी "पुढे बघा, पुढे बघा" चाललं होतं. दोनदा पडलो. तिसऱ्या खेपेला सायकल सरळ निघाली, मैदानाच्या मध्यापर्यंत गेली, आणि मागून हसू ऐकू आलं. बायकोचं, आणि त्यात मिसळलेलं साडूंचं. दोघं एकाच ठिकाणाहून हसत होती. म्हणजे साडूंनी सीट केव्हाच सोडून दिली होती आणि ते तिच्याजवळ जाऊन उभे होते. ती माझ्याकडे बघून हसतेय की त्यांच्याकडे, ते मला पाहायचं होतं. पण मान वळवली असती तर पडलो असतो.