डस्टरच्या ठोक्यावरचं इंग्रजी

आमच्याकडे मुलांना इंग्रजी बोलायला शिकवत नाहीत, इंग्रजीची कवायत करून घेतात. हे मी रागानेच लिहिते आहे.

पेणला रामवाडीत एका भाड्याच्या खोलीत मी इंग्रजी बोलण्याचा क्लास घेते आणि आठवड्यातून दोन दिवस रोह्याच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायला जाते. भात आणि वाल पिकवणाऱ्या आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. मला त्याचा अभिमान आहे. कॉलेजातले लोक मात्र त्याची आठवण मला कमी लेखायला करून देतात.

तिथे मुलाखतींची तयारी एक सर करून घेतात. पोरांना ओळीत उभं करायचं, डस्टर टेबलावर आपटायचं, आणि एका ठोक्याला एक व्यंजन. लहानपणी पाढे म्हटले तसं सगळा वर्ग एका सुरात ओरडतो : ‘लास्-टऽ मन्-थऽ’, ‘नेक्स्-टऽ डेऽ’. प्रत्येक व्यंजनाच्या शेपटीला एकेक ‘अ’. असं इंग्रजी कोणी बोलत नाही, आणि फोनवर तर समोरच्याला दोनदा विचारावं लागतं.

माझ्या तासाला मी फळ्यावर ‘गेला होता’ लिहिते आणि विचारते, “घरी काय म्हणता?”

“गेल्ता!”

“मग ‘हो’ कुठे गेला?”

“खाल्ला बाई!”

“कोणाचं पोट दुखलं?”

“नाय!”

मग ‘लास्ट मंथ’ जोडून बोलण्याकडे वळायचं. ‘स’ झाला की ओठ मिटा, ‘म’ येऊ द्या, मधला ‘ट’ राहिला तर राहू दे. ‘गुड डे’ म्हणताना जीभ वर टेकवा, क्षणभर धरा आणि एकदाच सोडा. पोरं एकमेकांच्या तोंडात डोकावून हसतात, आणि हसता हसता त्यांना जमतं.

सगळ्यात आधी जमलं ते खाडीकाठच्या एका मुलीला. आईवडील मिठागरावर, शिकायला ती रोह्याच्या कॉलेजात, आणि रविवारी माझ्याकडे पेणला. रोह्याजवळच्या एका कंपनीला फोनवर बोलायला माणूस हवं होतं. दक्षिणेतल्या राज्यांतून ट्रान्सपोर्टवाल्यांचे फोन येतात, ते इंग्रजीत घ्यायचे. कॉलेजातून कोणाला पाठवायचं, हे सर ठरवणार होते. तिला ही नोकरी हवीच होती, नाहीतर पुढच्या हंगामात आईबरोबर मिठाच्या टोपल्या उचलणं होतंच.

निवडीच्या दिवशी मीही वर्गात मागे उभी होते. सरांनी तिला इंग्रजीत विचारलं, गेल्या महिन्यात काय केलंस? ‘लास्ट’ आणि ‘हेल्प्ड’ची शेपटी गिळून ती सहज म्हणाली, “लास् मंथ आय हेल्प् माय मदर.”

“थांब. अक्षरं खातेस. कोणी शिकवलं हे?”

तिने माझ्याकडे पाहिलं.

“पुढची!” सर म्हणाले.

स्टाफरूममध्ये मी त्यांना गाठलं. “सर, ती बरोबर बोलली.”

“मॅडम, आपल्या पोरांना आधी शुद्ध तर बोलू द्या. जोडून बोलणं साहेबालाच शोभतं.”

माझ्या अंगाची आग झाली. साहेबालाच? पहाटे रोह्याच्या स्टँडवर उभा असलेला एकेक कामगार ‘फस् शिफ्ट’ म्हणतो, त्याला कोणी शिकवलं? शाळेत ‘गेल्ता’ म्हटलं म्हणून मी हातावर पट्टी खाल्ली आहे, आणि पट्टी मारणारे गुरुजी बाहेर पडवीत बसून ‘गेल्ता’च म्हणायचे. पट्टीच्या जागी आता डस्टर आलं, एवढाच काय तो फरक.

“तिला परत एकदा घ्या,” मी म्हणाले.

“घेतो उद्या. पण ठोक्यावर.”

मी खाली येऊन तिला सांगितलं, “अजिबात बदलू नकोस. आज बोललीस तसंच बोल. बघू काय करतात.”

“नाय बाई. सरांपुढं मी ठोक्यावर बोलते, कंपनीत जोडून. मला आत तर जाऊ द्या.”

“का म्हणून? चूक त्यांची आहे.”

“चूक त्यांची, व्हय. पन नोकरी माझी हाय ना?”

दुसऱ्या दिवशी तिने सरांसमोर असे काही ‘ट’ आपटले की मागच्या बाकावर हशा पिकला. सर खूश. “बघा, मनावर घेतलं की जमतं!” मी खिडकीबाहेर बघत उभी राहिले. जे येतं ते न येण्याचं सोंग एका हुशार मुलीला करावं लागत होतं, तेही तिच्या शिक्षिकेसमोर.

कंपनीतल्या मुलाखतीत तिने तिचंच इंग्रजी वापरलं. नोकरी लागली. कामाच्या पहिल्याच संध्याकाळी स्टँडवरून तिचा फोन आला. “बाई, एकापन ट्रान्सपोर्टवाल्यानं परत नाय विचारलं!”

मला वाटलं, आता तरी प्रकरण मिटेल. कसलं काय! सरांनी पुढच्या तुकडीसमोर तिचं उदाहरण दिलं : ठोक्यावर बोलायला शिकली, म्हणून लागली. मग मला फर्मान, माझ्या तासालाही हीच कवायत घ्यायची. शिपायाने नवंकोरं डस्टर माझ्या टेबलावर आणून ठेवलं. सर दारात उभे होते.

मी म्हणाले, “ठोके मी घेणार नाही सर. नोकरी तिला जोडून बोलण्याने लागली. हवं तर तिलाच विचारा.”

“मग तुमच्या तासिकांचं बघावं लागेल.”

“बघा.”

ते अजून दारातच होते. मी डस्टर उचललं. पोरं सवयीने ताठ उभी राहिली.

“बसा रे,” मी म्हणाले. त्या डस्टरने फळा पुसला आणि लिहिलं : गेला होता.